मासा निवडायचा तो मे महिना बघून

माझं माहेर रावेर तालुक्यातलं, केळीचं. लागवडीचं ठरवताना आप्पा आधी वाणाचं बोलायचेच नाहीत, उन्हाळ्याचं बोलायचे. मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड, धरली तर मे महिन्यात झाड कुठल्या अवस्थेत असेल, कांदेबाग, म्हणजे पावसाळा सरतानाची, धरली तर कुठल्या, आणि पश्चिमेचा झोत अडवायला शेवरी किती दाट लावायची. वाण त्यानंतर. मी गेली अकरा वर्षं जळगावात तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात सिक्लिड पाळते आणि मासा निवडताना आप्पांचीच रीत धरते. दुकानातल्या निळ्या दिव्याखाली तो किती देखणा दिसतो हे सगळ्यात शेवटी. आधी दोनच प्रश्न: आपल्या घरातला मे महिना तो काढेल का, आणि आपल्या घरी येणारं पाणी त्याला मानवेल का?

सिक्लिड हे एका माशाचं नाव नाही, आख्ख्या कुळाचं आहे. सतराशेहून जास्त जाती आहेत त्यात. आपण ज्याला एंजल म्हणतो तो सिक्लिड, ऑस्कर सिक्लिड, बाजारात पाटीवर मिळणारा तिलापिया, ज्याला उजनीकडे चिलापी म्हणतात, तोही सिक्लिडच. बहुतेक जाती दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेतल्या. भारतातल्या मूळच्या फक्त तीन, त्यातली एक कोकणातली कालुंदर, जिला केरळात करीमीन म्हणतात. या कुळाचा जीव लावणारा गुण म्हणजे ते पिल्लं सांभाळतात. गप्पी पिल्लं टाकतो आणि दिसली तर खातोही. सिक्लिड मात्र अंडी राखतो, पिल्लं चरायला नेतो, संध्याकाळी घरात आणून घालतो. हे एकदा समोर बसून बघितलं की दुसरे मासे ठेवावेसे वाटत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळा मला विचारतात ते ऑस्करबद्दल, म्हणून माझीच गोष्ट आधी सांगते. पहिल्या वर्षी मी ऐंशी रुपयांना दोन इंची ऑस्कर आणला. दुकानदार म्हणाला, दोन फुटी टँकमध्ये आरामात राहील, मासा टँकच्या मापानेच वाढतो. हे साफ खोटं आहे. मासा काचेचं माप घेऊन वाढत नाही. घाण पाण्यात कोंडला गेला तर त्याची वाढ खुरटते, पाठ वाकते आणि तो लवकर मरतो, इतकंच. माझा ऑस्कर नऊ महिन्यांत वीतभर झाला. वळायला गेला की शेपटी एका काचेला आणि तोंड दुसऱ्या काचेला लागायचं. मी घरात शिरले की तो काचेशी येऊन उभा राहायचा. शेवटी भुसावळच्या एका ओळखीच्या घरी पाच फुटी टँक होता, तिथे नेऊन दिला. त्या दिवशी मी फार रडले. पूर्ण वाढलेला ऑस्कर फूटभर होतो आणि त्याला किमान तीनशे लिटर पाणी लागतं. फ्लॅटमध्ये तेवढी जागा नसेल तर तो आणू नका, लहान असतानाही नाही.

त्याच कारणाने फ्लॉवरहॉर्न नको. तो मलेशियात १९९० च्या दशकात संकर करून तयार केलेला मासा. डोक्यावरचा उंचवटा शुभ मानून बरेच जण घेतात. तोही फुटापर्यंत जातो आणि चार फुटी टँकमध्ये एकटाच ठेवावा लागतो. पॅरट नको: तोही संकरच, त्याचं तोंड नीट मिटत नाही, नीट खाता येत नाही. डिस्कस ऊन पाण्यातला मासा खरा, पण त्याला पाच-सहांचा कळप, मोठा टँक आणि जवळजवळ रोज पाणी बदलणारा माणूस लागतो. ‘आफ्रिकन’ म्हणून पिवळे-निळे मासे एकत्र विकतात ते बहुतेक मलावी सरोवरातले. जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, पाणी त्यांना आवडतं, पण दोन फुटांत एकमेकांना फाडून खातात. त्यांना चार फूट द्या, नाहीतर दुकानातच राहू द्या.

आणि मोठा झाला म्हणून कुणीही आपला मासा मेहरूण तलावात किंवा वाघूरच्या पाण्यात सोडू नये, हे हात जोडून सांगते. तिलापिया १९५२ साली भारतात आणला. आज तो कुठल्या धरणात नाही? आपल्या मूळ माशांची जागा त्याने किती खाल्ली ते कोळ्यांना विचारा.

आता टँक. माझा चोवीस इंच लांब, बारा रुंद, पंधरा उंच आहे. काठापर्यंत भरला तर साधारण सत्तर लिटर, प्रत्यक्षात साठेक. पाणी, वाळू, दगड, काच सगळं मिळून नव्वद किलोच्या आसपास वजन होतं. म्हणून तो लोखंडी स्टँडवर, भिंतीला लागून ठेवायचा, खाली थर्माकोलची शीट, आणि गवंड्याची लेव्हल लावून स्टँड सरळ आहे ना ते बघायचं. पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका. मे महिन्यात ती भिंत रात्री दहा वाजताही हाताला चटका देते. माझा टँक पहिली दोन वर्षं तिथेच होता. स्वयंपाकघराकडच्या आतल्या भिंतीला हलवल्यावर पाणी सरळ दोन अंशांनी उतरलं. केळीला शेवरी लावतात ती याचसाठी, आणि हे मला दोन वर्षं सुचलं नाही याची आजही चुटपुट लागते.

पाण्याचं बघायला प्रयोगशाळा नको. तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस धरत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, गीझरची कॉइल दर वर्षी खराब होते, तर पाणी जड आहे. खान्देशातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी असंच. एक टीडीएस मीटर घ्या, तीनचारशे रुपयांत मिळतो. तो नेमका जडपणा मोजत नाही, पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते सांगतो, पण अंदाज येतो. आमच्या इमारतीच्या बोअरला मला ८५० च्या आसपास आकडा दिसतो, नळाच्या पाण्याला २५० ते ३००. नळाचं पाणी दोन दिवसांआड येतं आणि त्याला ब्लीचिंगचा वास असतो. ते ड्रममध्ये एअर पंप लावून चोवीस तास ठेवायचं, घाई असेल तर दहा लिटरला हायपोचा (क्लोरीन घालवणारं सोडियम थायोसल्फेट) एक छोटा स्फटिक टाकायचा. क्लोरीनच्या पाण्याने गलफडं जळतात, मासा वर येऊन तोंड उघडतो, आणि आपल्याला वाटतं त्याला भूक लागलीय.

आता उन्हाळा. बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा गेला की माझ्या खोलीतलं टँकचं पाणी, काही केलं नाही तर, दुपारी तेहतीस-चौतीसला जातं. पाणी जितकं तापेल तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: वीस अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, तीसला साडेसात, पस्तीसला सातच्याही खाली. आणि त्याच वेळी माशाच्या अंगाला प्राणवायू जास्त लागतो. मे महिन्यात मासे ‘अचानक’ मरतात ते बहुतेक असे.

आता खरी अडचण इथे आहे. आपलं जड पाणी ज्या माशांना मानवतं, त्यांना आपलं ऊन मानवत नाही. आणि ज्यांना ऊन मानवतं त्यांना हलकं पाणी लागतं. दोन्हीला सहज उतरणारा मासा मला अजून सापडलेला नाही. त्यामुळे कुठली बाजू आपण हाताने सांभाळू शकतो ते आधी ठरवायचं, आणि मग मासा.

पहिल्यांदाच पाळत असाल आणि नळाचं पाणी मिळत असेल तर क्रिबेन्सिस घ्या. हा नायजेरिया आणि आसपासच्या ओढ्यांतला. नर चार इंच, मादी तीन. पाण्याबद्दल फार कटकट नाही, मध्यम जड पाण्यात छान राहतो, चोवीस ते सत्तावीस त्याला आवडतं आणि हवा भरपूर असेल तर तीसही काढतो. दोन फुटी टँकमध्ये एकच जोडी, दुसरी जोडी ठेवायची नाही. वरच्या पाण्यात फिरायला सहा डॅनिओ चालतात. तळाशी राहणारे मासे सोबतीला नकोत, कारण पिल्लं झाली की क्रिब तळाचा एक इंचही दुसऱ्याला देत नाही.

त्यांना गुहा लागते. मी नारळाची अर्धी करवंटी उकळून, काठाला हॅक्सॉने बोट जाईल एवढी खाच पाडून पालथी ठेवते. मादी तयार झाली की तिचं पोट पिकलेल्या जांभळासारखं गडद होतं आणि ती नरासमोर अंग वाकवून थरथरते. मग ती करवंटीत शिरते आणि दिसेनाशी होते. तुम्हाला वाटेल मेली. हात घालू नका. आठ-दहा दिवसांनी एका सकाळी ती बाहेर येते आणि तिच्यामागे राखाडी धुरासारखा एक पुंजका वाळूवर सरकत असतो. ती पिल्लं. जवळ जाऊन बघा, प्रत्येक पिल्लू म्हणजे एक डोळा आणि एक शेपूट. आई पंख एकदा झटकते, आणि पुंजका जागच्या जागी वाळूवर बसतो. पुन्हा झटकते, पुन्हा उठतो. एखादं लांब गेलं तर ती त्याला तोंडात घेते, मागे येते आणि पुंजक्यात फुंकून टाकते.

माझ्या सासूबाई अमळनेरच्या, घरात अहिराणीच बोलतात. त्यांनी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा त्या घाबऱ्या होऊन स्वयंपाकघरात आल्या: “हाऊ मासा ते पिल्लासले तोंडमा लई ऱ्हायना!” खातोय असंच वाटलं त्यांना. मी खुर्ची आणून दिली. त्या दिवशी त्या टँकसमोर दीड तास बसल्या, आणि तेव्हापासून संध्याकाळचं खाणं घालायचं काम त्यांच्याकडे आहे.

बोअरचंच पाणी असेल तर शंखात राहणारे मासे बघा. मल्टी म्हणतात त्यांना, आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातले. जगातल्या सर्वांत लहान सिक्लिडांपैकी हे. नर दीड-पावणेदोन इंच, मादी त्याहून लहान. सरोवराच्या तळाशी गोगलगाईंचे रिकामे शंख हजारोंनी पडलेले असतात, त्यांतच त्यांचं घर, बाळंतपण, सगळं. जड, खारट वाटणारं पाणी त्यांना हवंच असतं. माझ्या ८५० च्या पाण्यात मी काहीही न मिसळता त्यांना ठेवलंय. मी सहा पिल्लांपासून सुरुवात केली. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधून नवऱ्याने थर्माकोलच्या खोक्यात रात्रीच्या गाडीने आणली. चार वर्षांत तिसाच्या वर झाली.

शंख विकत घ्यायची गरज नाही. तलावाच्या काठी मोठ्या गोगलगाईंचे वाळलेले शंख पडलेले असतात. रिकामे, न फुटलेले बघून घ्यायचे, अर्धा तास उकळायचे, दोन दिवस पाण्यात ठेवून वास गेला की टाकायचे. एका माशाला दोन तरी हवेत. वाळू बारीक आणि दोन इंच जाड. मी गिरणेची वाळू चाळून, दहा-बारा पाण्यांनी धुऊन वापरते. तिच्यावर लिंबू पिळलं की थोडे बुडबुडे येतात, म्हणजे चुनखडीचे कण आहेत. मल्टीला ते चांगलंच, पुढे सांगते त्या रॅमला मात्र चालणार नाही. शंख तुम्ही हवे तसे ठेवा, ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपल्या मनासारखे करतात. बोटाच्या पेराएवढा मासा तोंडात वाळू भरून घेतो, चार इंच लांब नेऊन थुंकतो, पुन्हा येतो, पुन्हा भरतो. दिवसभर. शंखाचं तोंड हवं तेवढंच उघडं राहील असा खड्डा होईपर्यंत तो थांबत नाही.

पण यांना चोवीस ते सत्तावीस अंशच हवेत, आणि एकोणतीसच्या वर गेलं की माझ्या जिवाची घालमेल सुरू होते. खोलीत कूलर चालत नसेल, दुपारी वीज जात असेल आणि इन्व्हर्टर नसेल, तर मल्टी घेऊ नका.

ऊन सोसणारा हवा असेल तर रॅम. व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको नदीच्या माळावरच्या उथळ, तापलेल्या पाण्यातला हा मासा, दोन-सव्वादोन इंचांचा. अठ्ठावीस ते तीस त्याला गरम नाही वाटत, हवंच असतं. इतर ठिकाणचे लोक त्याच्यासाठी हीटर लावतात, आपल्याकडे मार्चनंतर तो बंदच ठेवावा लागतो. मात्र पाणी हलकं लागतं. मी मैत्रिणीकडे तीन भाग आरओचं आणि एक भाग नळाचं असं बसवून दिलंय, टीडीएस शंभरच्या आसपास येतो. बोअरच्या पाण्यात टाकलेला रॅम दोन-तीन आठवड्यांत रंग सोडतो आणि खायचं थांबवतो. दुसरं, शेतांवर घाऊक वाढवलेले रॅम नाजूक असतात. दुकानातले सगळेच एकसारखे भडक रंगाचे दिसले तर घेऊ नका, हार्मोन दिलेले असू शकतात. मादीचं पोट गुलाबी असतं आणि पाठीवरच्या पंखाचे पुढचे काटे आखूड. बोलिव्हियन रॅम मिळाला तर तो जास्त दमाचा, पण आपल्याकडे क्वचित येतो.

अपिस्टो हा छोटा सिक्लिडही हलक्या पाण्यातलाच. एक नर, दोन मादी, देशी बदामाची वाळलेली पानं तळाला. एंजल घ्यायचा असेल तर लांबीपेक्षा उंची बघा, अठरा इंच तरी हवी, आणि दोनच ठेवा.

टँक भरला की लगेच मासे आणू नका. माशाच्या मूत्र-विष्ठेतून अमोनिया होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. कुणाकडे जुना निरोगी टँक असेल तर त्यांचा मळलेला स्पंज आपल्या टँकमध्ये पिळा, काम लवकर होतं. विरजण लावण्यासारखंच आहे ते. आणि हा स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही, टँकमधून काढलेल्या पाण्यातच चुबकायचा.

दुकानात गेलात की आधी दहा मिनिटं नुसतं बघा. पोट खपाटीला गेलंय का, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा लोंबतेय का, पंख अंगाला चिकटवून कोपऱ्यात कुणी बसलंय का? एकजरी तसा दिसला तर त्या टाकीतला दुसराही घेऊ नका. दुकानदाराला खाणं टाकायला सांगा. जो धावत येतो तो घ्या, आणि दीड इंचाच्या आतला घ्या. त्याहूनही चांगलं म्हणजे आपल्याच गावात कुणी पिल्लं काढली असतील तर त्यांच्याकडून. ती आपल्या पाण्यात जन्मलेली असतात. माझी क्रिबची पिल्लं मी पैसे न घेता देते, फक्त टँकचा फोटो आणि पाण्याचा आकडा विचारते. मासे घरी आणायचे ते संध्याकाळी. पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, मग दर दहा मिनिटांनी वाटीभर टँकचं पाणी पिशवीत, असं तासभर. शेवटी मासा जाळीने उचलून सोडायचा, पिशवीतलं पाणी मोरीत.

हिवाळ्यात हीटर लागतोच. डिसेंबरात पहाटे दहाच्या खाली जातं तेव्हा टँक अठराला येतो. साठ लिटरला शंभर वॅटचा पुरतो.

उन्हाळ्याची माझी तयारी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते. वरची काच काढून मच्छरदाणीची जाळी लावते, म्हणजे मासे उडी मारणार नाहीत आणि वाफ बाहेर जाईल. एक छोटा टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका. एवढ्याने पाणी दोन ते चार अंश उतरतं, माठातलं पाणी गार होतं तसंच. पण त्यात रोज दोनेक लिटर पाणी उडून जातं. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, म्हणून भर घालताना बोअरचं नाही, आरओचं पाणी घालायचं. नाहीतर जून येईपर्यंत टीडीएस हजाराच्या वर जातो. पाणी बदलायचं ते पहाटे, आणि ड्रममधलंच. दुपारी दोनला गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला हात लावून बघा, म्हणजे कळेल. खाणं निम्मं. बॅटरीवर चालणारा एअर पंप चार्ज करून टँकच्या शेजारी. तोही नसेल आणि वीज गेली, तर एक मग घ्या, टँकचंच पाणी काढा आणि वीतभर उंचीवरून पुन्हा टँकमध्ये ओता, दहा मिनिटं, दर अर्ध्या तासाने. गेल्या वर्षी मे महिन्यात दुपारी चार तास वीज नव्हती तेव्हा मी आणि सासूबाईंनी हेच केलं, आळीपाळीने. त्या ओतताना मोजत होत्या. एकही मासा गेला नाही.